आठ वर्षांचं पोर गादी बळकावतं का?

नॉर्मंडीच्या, म्हणजे आजच्या उत्तर फ्रान्समधल्या एका मुलखाच्या, विल्यमवरची (हाच पुढे 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा) एक पोस्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. माझ्या भाचीने ती जशीच्या तशी कॉलेजच्या सादरीकरणात घातली, वर शाबासकीही मिळवली. म्हणून आता गप्प बसवत नाही. पोस्टचं म्हणणं असं: विल्यम अनौरस, त्यामुळे नॉर्मन कायद्याने त्याला काडीचाही हक्क नव्हता, खऱ्या वारसांचा काटा काढून त्याने ड्यूकची गादी बळकावली. तो 'चामडं कमावणाऱ्याचा नातू', म्हणूनच क्रूर. नॉर्मन लोकांत सगळं थोरल्या मुलालाच मिळे. सॅलिक कायद्यामुळे, म्हणजे फ्रँक लोकांच्या जुन्या कायद्यामुळे, बायकांना वारसा नव्हता. आणि आजही ब्रिटनचा राजा नॉर्मंडीचा ड्यूक आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट, म्हणून त्यावरच जास्त बोलते. विल्यमचा जन्म 1027 किंवा 1028 चा. बाप, ड्यूक रॉबर्ट, 1035 मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना निकीया इथे वारला. म्हणजे विल्यम तेव्हा सात-आठ वर्षांचा. या वयाच्या मुलाने काय बळकावलं? यात्रेला निघण्याआधी रॉबर्टने सरदारांना गोळा करून या मुलाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली होती. फ्रान्सच्या राजाने, पहिल्या हेन्रीने, त्याला मान्यता दिली. रूआँचा आर्चबिशप रॉबर्ट हा विल्यमच्या आजोबांचा सख्खा भाऊ. घराण्यातला सगळ्यात वजनदार माणूस, आणि तो 1037 मध्ये मरेपर्यंत या पोराच्या पाठीशी उभा होता.

'खऱ्या वारसांना मारलं' हे तर धादांत खोटं आहे. त्या वर्षांत खून झाले ते विल्यमच्या पालकांचे. ब्रियोनचा गिल्बर्ट मारला गेला, तुर्शेतिल मारला गेला, कारभारी ऑस्बर्न तर मुलाच्या झोपायच्या खोलीत मारला गेला. ज्यांना दावेदार म्हणता येईल ते सगळे जगले. काका मोजे आर्चबिशप झाला, दुसऱ्या काकाला आर्कचा मुलूख मिळाला. चुलतभाऊ निकोलस रूआँच्या सेंट-ऊआँ मठाचा मठाधिपती झाला. आतेभाऊ गी, म्हणजे बर्गंडीचा, याने बंड केलं, 1047 मध्ये व्हाल-ए-द्यूनच्या लढाईत हरला, ब्रियोनच्या किल्ल्यात अडून बसला आणि शेवटी आपल्या मुलखात परत गेला. त्यालाही विल्यमने मारलं नाही.

आता कायद्याचं. 1035 मध्ये अनौरस मुलाला वारसा नाकारणारा नॉर्मन कायदा कुठला, हे पोस्टवाल्याने दाखवून द्यावं. सेरा मॅकडूगल या इतिहासकार बाईंनी 'रॉयल बास्टर्ड्स' या 2017 च्या पुस्तकात नेमकं हेच तपासलं आहे. आईबापांचं लग्न झालेलं नाही एवढ्या कारणाने वारसा बुडण्याचा नियम बाराव्या शतकाच्या अखेरीकडे पक्का होत गेला. त्याआधी पाहिलं जाई ते कूळ, विशेषतः आईचं. नॉर्मंडीचंच घराणं घ्या. विल्यमचे पणजोबा पहिला रिचर्ड, आजोबा दुसरा रिचर्ड. पहिल्या रिचर्डची आई स्प्रोता हिचं चर्चमध्ये लग्न लागलेलं नव्हतं. दुसऱ्या रिचर्डची आई गुन्नोर. तिचंही लग्न बऱ्याच उशिरा लागलं. मुलाला आर्चबिशप करायचं तर आईबापांचं लग्न हवं, अशी अडचण आली म्हणून ते लावलं, असं नंतरचा एक इतिवृत्तकार सांगतो. तो मुलगा म्हणजे वर आलेला आर्चबिशप रॉबर्ट. तरी या दोन्ही रिचर्डना गादी मिळाली.

एक मात्र कबूल करावं लागतं. विल्यमला जन्मावरून हिणवलं जात होतं, आणि बंडखोरांना ते सोयीचंही होतं. आलाँसाँ गावच्या लोकांनी तटावरून कातडी बडवून त्याची टर उडवली आणि त्याने त्यांचे हातपाय तोडले, असा वृत्तान्त आहे. कृत्य भयंकरच आहे. पण टोमणा होता तो आईच्या माहेरावरून.

आणि पोस्ट हजार वर्षांनी तोच टोमणा चवीने मारते! आजोबा चामडं कमावत होते म्हणून नातू क्रूर, हे वाक्य महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे कळायला हवं होतं. माझ्या भाचीने ते भर वर्गात वाचून दाखवलं, याचा मला जास्त राग आहे. हा आजोबा, म्हणजे विल्यमच्या आईचा बाप फुल्बेर, नेमकं काय काम करायचा यावरच मतभेद आहेत. एका इतिवृत्तात प्रेतांची तयारी करणारा असा उल्लेख येतो. पुढे तो ड्यूकच्या पदरी चाकरीला होता. या आजोळाने काय केलं तेही ऐका. मामा वॉल्टर रात्री-अपरात्री भाच्याला उचलून गरिबांच्या झोपड्यांत लपवायचा, म्हणून मुलगा जगला, असं बाराव्या शतकातला इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हिटालिस याने लिहून ठेवलं आहे.

थोरल्याचा मुद्दा अर्धा खरा. 1087 मध्ये विल्यम वारल्यावर नॉर्मंडी त्याच्या थोरल्या मुलाकडे, रॉबर्टकडे गेली, पण इंग्लंड मिळालं धाकट्या विल्यम रूफसला. आणि 1106 मध्ये तांशब्रेच्या लढाईत सगळ्यात धाकट्या हेन्रीने रॉबर्टकडून नॉर्मंडीही काढून घेतली.

सॅलिक कायदा नॉर्मंडीत लागूच नव्हता. फ्रान्सच्या मुकुटासाठी तो पुढे केला गेला तोही फार नंतर. नॉर्मन रिवाजात भाऊ नसेल तर बहीण वारस. याच धाकट्या हेन्रीने 1127 मध्ये मुलगी माटिल्डासाठी सरदारांकडून शपथ घेतली. तिचा आतेभाऊ स्टीफनने ती मोडली हे खरं, पण 1144 मध्ये माटिल्डाच्या नवऱ्याने रूआँ घेतलं आणि 1150 मध्ये नॉर्मंडी तिच्या मुलाला मिळाली. नॉर्मंडीतल्या ओ (Eu) परगण्याची अ‍ॅलिस वारसाहक्काने काउंटेस झाली. 1219 मध्ये फ्रान्सच्या राजा दुसऱ्या फिलिपने परगणा तिला परत दिला आणि विधवा असताना तिने तो 1246 पर्यंत सांभाळला.

राहिला आजचा ड्यूक. जर्सी आणि गर्न्सी या ब्रिटिश राजाच्या अमलाखालच्या बेटांवर राजाच्या नावाने पेला उंचावताना 'आमचा ड्यूक' म्हणतात, तेवढं बरोबर. पण नॉर्मंडी 1204 मध्येच इंग्लंडच्या राजाच्या हातची गेली, आणि 1259 च्या पॅरिस तहात इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने तिच्यावरचा हक्क सोडला. पुढे ही पदवी फ्रेंच राजघराण्यातच राहिली, आणि 1469 मध्ये फ्रान्सच्या अकराव्या लुईने ड्यूकपदाची अंगठी रूआँमध्ये ऐरणीवर ठेवून फोडायला लावली.