बसलो की संपते

जुनी रेकॉर्ड तीन मिनिटं वाजते, असं जाणकार सांगतात. म्हणजे ते ऐकताना बसत असणार. मी अजून बसलेलो नाही.

आधी ग्रामोफोनला चावी द्यायची. मग पिन बदलायची, कारण पोलादी पिन एका बाजूपुरतीच. पिन धरणारा साउंडबॉक्स हलकेच टेकवायचा, मागच्या मागे खुर्चीकडे सरकायचं. पाठ टेकते न टेकते तोच खर्र... खर्र... धावा. आपोआप थांबायची सोय माझ्या यंत्रात नाही.

बरं, किती वेळात धावायचं हेही ठरलेलं नाही. एका दहा इंची रेकॉर्डवर बँडवाले पावणेदोन मिनिटांत उरकून घरी गेलेत. पुढे लेबलपर्यंत नुसती चकचकीत काळी पट्टी. दुसरीवर गवयाला जागा पुरलेली नाही. शेवटची तान तो गाडी सुटत असल्यासारखी घेतो आणि पिन थेट लेबलावर चढते. त्या मानाने गौहर जान सभ्य. १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तिच्या रेकॉर्ड्सच्या शेवटी ती स्वतःच सांगते, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, तिथल्या लोकांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. मला मात्र त्यात ‘उठा आता’ एवढंच ऐकू येतं.

वेगाचा घोळ तर विचारूच नका. १९२५ पर्यंत मुद्रणात सहसा मायक्रोफोन नसे. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि मेणावर रेघ उमटायची. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा आकडा सर्वमान्य झाला तो नंतर. तोवर कुणी सत्तरला मुद्रण करी, कुणी ऐंशीला. सत्तरची रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरला लावली की काळी एक पट्टीतला गवई जवळजवळ काळी दोनमध्ये जातो आणि तीन मिनिटांतली अठरा सेकंदं गडप. ‘हे तेच बुवा, की त्यांचा धाकटा भाऊ?’ असं बायकोनं विचारलं तेव्हापासून मी वेगाचा स्क्रू पिळत असतो. अर्थात उभ्यानंच.

वेळ वाढवायला लोकांनी काय काय केलं! एडिसननं १९०८ मध्ये नळकांड्याच्या आकाराच्या रेकॉर्डवरच्या रेघा इंचाला शंभराच्या दोनशे केल्या आणि दोन मिनिटांची चार झाली. कुणी वीस इंची तबकड्या काढल्या. पाथे या फ्रेंच कंपनीची तर तऱ्हाच वेगळी, रेघ आतून बाहेर. माझ्याकडे एक पाथे आहे. तिला साधी पिन चालत नाही, नीलमण्याची गोळी लागते. ती माझ्याकडे नाही. त्यामुळे माझ्या संग्रहात माझ्या पायांना त्रास न देणारी तेवढी एकच.

शेवटी एक बारा इंची मिळाली, चांगली साडेचार मिनिटांची. लावली. खुर्चीत बसलो, पाय वर घेतले, डोळे मिटले. तिसऱ्या मिनिटाला बाईंचा आवाज बुवांचा झाला, बुवांचा रेड्याचा झाला.

चावी संपली होती.