समोरच्याला कशाची धास्ती आहे, ते आधी पाहा

मे-जून आला की नागपुरात आमच्या मनीषनगरात माझा भाव वधारतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे कुणाचा भाचा, कुणाची सून, कुणाचं शेंडेफळ दारात येऊन उभं राहतं. पोट्ट्यासोबत आई असतेच. "ताई, याचा इंटरव्ह्यू आहे सोमवारी, थोडं सांगून द्या ना." मी विचारते, कशाचा? आई म्हणते, "नोकरीचा!"

सगळी गडबड इथेच आहे. हिंगण्याच्या शॉप फ्लोअरवरचा इंटरव्ह्यू, मिहानमधल्या आयटी कंपनीचा, बँकेच्या पीओचा (म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरचा), एमपीएससीचा आणि सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या भोपाळच्या एसएसबीचा, यांच्यात इस्त्रीचा शर्ट सोडला तर फारसं काही सारखं नसतं. क्लासमध्ये मात्र सगळ्यांना एकाच बाकावर बसवून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ घोकून घेतात, हात कसा मिळवायचा ते शिकवतात आणि टाय बांधायला लावतात. नागपूरच्या मे महिन्यात टाय! बाप्पा.

माझं मत सरळ आहे. उत्तरं पाठ करू नका. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला कशाची धास्ती आहे, ते आधी शोधा. माणूस निवडणारा प्रत्येक जण मनातून घाबरलेला असतो, कारण चुकीचा माणूस घेतला तर पुढे तोच निस्तरतो. जागेनुसार त्याची धास्ती बदलते आणि तयारीही तशीच बदलायला हवी.

कारखान्यातलं मला जास्त माहीत, म्हणून तिथूनच सांगते. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या पोरांचा इंटरव्ह्यू प्लांट हेड घेतो. त्याला दोन भित्या असतात. पोरगा पहिला पगार घेऊन पळेल ही एक, आणि मशीनमध्ये बोट घालेल ही दुसरी. तो टेबलावर व्हर्नियर कॅलिपर (जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक बुश, म्हणजे धातूची पोकळ नळी, ठेवतो. "माप सांग." लीस्ट काउंटची, म्हणजे त्यावर मोजता येणाऱ्या सगळ्यात छोट्या मापाची, व्याख्या इंग्रजीत धडाधडा म्हणणारी पोरं मी पाहिलीत. ०.०२ मिलिमीटर, तोंडपाठ. आणि हातात व्हर्नियर आला की जबडे तिरपे धरतात. एखादा पोरगा मात्र आधी जबडे पुसतो, मिटून शून्यावर शून्य येतं का ते बघतो, मग बुशचं माप घेतो, थोडं फिरवून पुन्हा घेतो. तोंडातून अजून एक शब्द निघालेला नसतो आणि हेडचा पेन चालायला लागलेला असतो. पुढचा प्रश्नही ठरलेला: "सकाळच्या शिफ्टला येशील कसा रे?" इथे "येईन सर, काही प्रॉब्लेम नाही" हे वाईट उत्तर. मेट्रो सध्या खापरीलाच संपते, बुटीबोरी त्याच्याही पुढे, मग काय? कंपनीची बस कुठे थांबते, गाडीने किती वेळ लागतो, पावसाळ्यात काय करणार, हे विचारून ठेवलेला पोरगा टिकतो, असं हेडला वाटतं. आणि त्याचं बरोबरच असतं. इंग्रजीचा प्रश्न तिथे येतच नाही, हेड स्वतःच अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलून राहिला असतो.

आयटीवाल्यांची धास्ती निराळी. प्रोजेक्ट कुणाचा तरी उतरवलेला असेल का, आणि ऑफर लेटर घेऊन हा दुसरीकडेच रुजू होईल का. त्यामुळे "आम्ही वेबसाइट बनवली" म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, "तू काय केलंस?" चौघांच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या हातचं नेमकं काय होतं, कुठे अडलं, कसं सुटलं, हे बोलता यायला हवं. ‘एखादा कठीण प्रसंग सांगा’ छापाच्या प्रश्नांना स्टार पद्धत शिकवतात: प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. पद्धत चांगली आहे, फक्त पोरं प्रसंगातच पाच मिनिटं घालवतात आणि "मी काय केलं" एका वाक्यात उरकतात. वजन नेमकं उलट हवं. शिवाय प्रसंग मोठा असायलाच हवा असं नाही. महाल भागातली एक मुलगी माझ्याकडे आली होती, "माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही" म्हणत. खोदून विचारल्यावर कळलं, वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही तिने एक्सेलवर चढवली होती, कुणाची उधारी तीन महिन्यांपेक्षा जुनी ते वेगळ्या रंगात दिसेल अशी. मी म्हटलं, अगं, हेच सांग ना, आणखी काय पाहिजे!

ऑनलाइन इंटरव्ह्यूबद्दल एकच सांगते: कूलर. उन्हाळ्यात आपल्या घरी कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत पोरगा काय बोलतो ते पलीकडे कळत नाही. आपल्याला त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूच येत नाही. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी मोबाइलवर दोन मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. खोली आधी गार करून घ्या, मग कूलर बंद. बोलताना स्क्रीनवरच्या स्वतःच्या थोबाडाकडे बघू नका, कॅमेऱ्याकडे बघा. काही कंपन्यांत आता समोर माणूसच नसतो, प्रश्न दिसतो आणि उत्तर रेकॉर्ड होतं. त्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण मान डोलावणारं कुणी नसलं की भलेभले गडबडतात.

आता सरकारी. आधी हे बघा की मुलाखत आहे तरी का! केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेच्या क्लार्कलाही मुलाखत नाही. पीओला आहे, पण बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अंतिम यादीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं वजन ८० आणि २० असं धरतात. तरीही आया विचारतात, क्लार्कच्या इंटरव्ह्यूची बॅच लावू का. नका लावू, माय!

एमपीएससीच्या पॅनेलची धास्ती मला सगळ्यात रास्त वाटते. हा उद्या अधिकाराच्या खुर्चीत बसणार, तेव्हा हा माहीत नसलेलं ठोकून देणारा निघाला तर? म्हणून तिथे "माहीत नाही, सर" हे चांगलं उत्तर असतं, फक्त ते पडेल आवाजात नको. आणि नागपूरचे असाल तर नागपूर विचारणारच. पोरं बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये शहर वसवलं इथपर्यंत पाठ करून जातात. पण खरा प्रश्न येतो तो १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला काय कबूल केलं आणि हिवाळी अधिवेशनातून ते कितपत हाती लागतं, असा. किंवा संत्र्याचा: जीआय टॅग आहे, नाव आहे, मग काटोल-नरखेडचा शेतकरी अडचणीत काहून? आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, फळगळ, प्रक्रिया उद्योगांची कमतरता, बांगलादेशने वाढवलेलं आयात शुल्क, हे धागे जोडून बोलता आलं पाहिजे. बाजूने बोला की विरोधात, पॅनेलला तुमचं मत पाडायचं नसतं. विरोध झाल्यावर तुम्ही चिडता की ऐकून घेता, ते बघायचं असतं.

एसएसबी म्हणजे पाच दिवसांचा मुक्काम. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण संध्याकाळच्या गाडीने परत. पुढे शब्दांच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत एक वाक्य लिहायचं. घोकलेली वाक्यं थोड्याच शब्दांत संपतात, उरलेल्या शब्दांना खरा माणूस कागदावर उतरतो. महिनाभर क्लासमध्ये कथा पाठ करण्यापेक्षा सोसायटीच्या क्रिकेट टीमचा हिशेब सांभाळलेला पोरगा तिथे जास्त चालतो, असं माझं मत. कोचिंगवाले रागावतील, रागावू द्या.

पगाराचं. "३ लाख ६० हजारांचं पॅकेज" ऐकून महिन्याला ३० हजार हातात येतील असं घरचे धरून चालतात. बेसिक १५ हजार असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० आधीच त्या ३० हजारांत धरलेले असतात. मग तुमचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. हातात साडेपंचवीस हजारांच्या आसपास. त्यात व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, असेल तर आणखी कमी. म्हणून "अपेक्षा किती?" विचारल्यावर आकडा बोलण्याआधी "यात फिक्स किती आणि व्हेरिएबल किती?" हे बिनधास्त विचारा. कुणी हाकलून देत नाही.

शेवटी मुलींसाठी. "लग्नाचा काय विचार?" हा प्रश्न अजूनही विचारतात. मला तो ऐकला की संताप येतो आणि माझ्यासमोर कुणी विचारला तर मी तिथेच टोकते. पण तुमच्या वेळी खोलीत मी नसणार. तेव्हा लाजू नका, सफाई देऊ नका, खोटंही बोलू नका. "सर, शिफ्टबद्दल किंवा बाहेरगावच्या कामाबद्दल शंका असेल तर विचारा, त्याचं उत्तर देते," असं म्हणून गप्प राहा. पुढचं त्यांना बोलू द्या. त्यावरही तोच प्रश्न रेटला, तर त्या ऑफिसात पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तुम्हाला आलाच म्हणून समजा. मग ऑफर आली तरी दोनदा विचार करा.