‘सुट्या भागांची यादी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर्फ (समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ) आणि हॉट-रॉड (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्या) यांवरच्या अमेरिकन गाण्यांमधील विनोदावर मी लेख लिहिला होता, आणि गाडीच्या सुट्या भागांची यादी ऐकून हसू येते, असे त्यात म्हटले होते. त्या लेखाला ‘चिकित्सक’ या टोपणनावाच्या वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. तिच्यात चार आक्षेप आहेत, आणि समुद्रात फळी न टाकलेल्याने सर्फ संगीतावर लिहू नये, असा एक उपहासही. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ‘लिटल ड्यूस कूप’ या गाण्यातल्या फोर्डचे साल मी चुकवले, या गाण्यांतील मुली केवळ शोभेपुरत्या असतात, हे मी लिहिले नाही, ही गाणी म्हणजे मोटारकंपन्यांची जाहिरात होती, आणि शेवटचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत: ‘सुट्या भागांची यादी ऐकून ज्यांना हसू येते, त्यांनी गॅरेजचे बिल वाचावे, निदान लिहिण्याआधी गाणी तरी ऐकावीत!!!!!’

सालाची चूक मान्य आहे. ती फोर्ड 1934ची नव्हे, 1932ची. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, आणि हे नाव त्या सालातल्या शेवटच्या दोनावरूनच पडले. दुरुस्ती केली आहे. मात्र कोणी आपली चूक नम्रपणे दाखवली तर ती सुधारताना आनंद होतो, आणि उद्गारचिन्हांच्या रांगेतून दाखवली तर केवळ ती सुधारली जाते, हा फरक आपल्याला ठाऊक नसावा.

आता गॅरेजच्या बिलाविषयी. आपण ज्या माणसाला हा सल्ला देत आहात, त्याच्या वडिलांचे सांगलीत बावीस वर्षे गॅरेज होते, आणि ती बिले शाळेतून आल्यावर मीच लिहीत असे. पुढे नोकरीनिमित्त मी तीन वर्षे कॅलिफोर्नियात टॉरन्सला राहिलो. बीच बॉइजमधले विल्सन बंधू ज्या हॉथॉर्नमध्ये वाढले, ते तिथून जवळच आहे. गाणी मी ऐकली आहेत, हे सांगण्याची वेळ यावी याचेच वाईट वाटते.

बिलाची यादी आणि गाण्यातली यादी यांत फरक आहे, आणि तो मला वडिलांच्या गॅरेजातच कळला. आमच्याकडे एक कॉलेजकुमार जुनी राजदूत घेऊन येई. इंजिन बोअर केले, हेड घासले, सायलेन्सर मोकळा केला, हे तो देवळात नामावळी म्हणावी तशा गांभीर्याने सांगे, आणि मग आम्ही दोघे मिळून ती गाडी धक्का मारून सुरू करत असू. हसू यायचे ते त्या गांभीर्याचे. ‘लिटल ड्यूस कूप’चा नायक अगदी याच जातीचा आहे. आपण बढाई मारत नाही, असे तो सुरुवातीलाच बजावतो आणि त्यानंतर गाणे संपेपर्यंत दुसरे काहीही करत नाही. क्लच झाला, गिअर झाले, इंजिनाची कातरकोर झाली, आणि पंख असते तर ही उडालीच असती, हे तर तो पहिल्याच कडव्यात सांगून टाकतो. तीस वर्षे जुन्या गाडीविषयी हे सारे चालले आहे, कारण गाणे 1963चे आहे. हे शब्द लिहिण्यात ब्रायन विल्सनबरोबर रॉजर ख्रिश्चन हा लॉस एंजेलिसचा रेडिओ-निवेदक होता. त्याला गाड्यांचे खरे वेड होते, म्हणूनच यादी अचूक आहे. आणि ती अचूक असल्यामुळेच विनोदी आहे. भाग चुकीचे असते तर गाणे नुसते वेडगळ झाले असते.

त्याच वर्षीचे ‘शट डाउन’ घ्या. कॉर्व्हेट स्टिंगरे आणि 413 घनइंची इंजिनाची डॉज यांची शर्यत, आणि तिचे वर्णन क्रिकेटचे धावते समालोचन करावे तसे केलेले. दोन पोरांची रस्त्यावरची खुमखुमी, पण आवाज मात्र महायुद्धाची बातमी देणाऱ्याचा. यात आपल्याला विनोद दिसत नसेल तर तो मी दाखवू शकणार नाही. काही गोष्टी समजावल्या की मरतात.

जाहिरातीचा आरोप मी थोडक्यात घेतो, कारण त्याची तेवढीच लायकी आहे. ‘द लिटल ओल्ड लेडी फ्रॉम पॅसाडिना’ हे जॅन अँड डीन यांचे 1964चे गाणे डॉजच्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्या बाईंवरून सुचले हे खरे आहे. पण ‘गाडी एका आजीबाईंची, फक्त रविवारी चर्चला जायची’ ही जुन्या गाड्या विकणाऱ्यांची ठरलेली थाप, आपल्याकडच्या ‘डॉक्टरांनी वापरलेली’सारखी, त्याही आधीची आहे, आणि थट्टा त्या थापेची आहे.

मुलींविषयी बोलायचे तर ‘फन, फन, फन’मध्ये गाडी चालवणारी मुलगीच आहे. ग्रंथालयात जाते असे सांगून ती वडिलांची थंडरबर्ड पळवते, आणि वडिलांना कळल्यावर गाडी हातची जाते. ‘सर्फ सिटी’तला एका मुलामागे दोन मुली हा हिशेब मी गांभीर्याने घेतला नाही. आपण घेतलात.

राहता राहिला आपला उपहास, की समुद्रात फळी न टाकलेल्याने सर्फ संगीतावर लिहू नये. बीच बॉइजमध्ये सर्फिंग करणारा खरा एकच होता, डेनिस विल्सन. ‘सर्फिन बर्ड’वाले ट्रॅशमेन तर मिनेसोटाचे, जिथून समुद्र शेकडो मैल लांब. त्यांनाही आपण एकदा कळवावे.

आपली प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. ती पाचही उद्गारचिन्हांसह जशीच्या तशी ठेवली आहे.