दाढेतला बारीक काळा ठिपका आणि "मंग पाहू"

आमच्या गावच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरून राह्यला. "दाताला बारीक कीड असेल तर डॉक्टरकडे जाऊ नका, दुखत नाही तोवर धोका नाही, लवंगतेल लावा, दात आपोआप भरून येतो, डॉक्टर पैशासाठी मशीन लावतात." चार जणांनी खाली हातही जोडले, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"दुखत नाही म्हणजे धोका नाही", सगळ्यात मोठी चूक हीच. दाताच्या वरच्या कडक थरात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसच नसते, मंग दुखणार कसं? तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, सगळं चुपचाप. आतला थर मऊ, तिथं कीड पोचली की आडवी पसरते, वरून टाचणीएवढं भोक आणि आत पोकळ. बोंडअळीचं बोंड पाहिलंय ना, वरून साबूत दिसते आणि फोडलं की सरकी खाल्लेली, अगदी तसं.

माझ्या बाबांच्या खालच्या दाढेत पोळ्याच्या वेळी तिळाएवढा काळा ठिपका होता, गार पाणी प्यायलं की सणक जायची. "सोयाबीन निघू दे, मंग पाहू." सोयाबीन निघालं, मंग कापूस वेचणी लागली, आणि दिवाळीनंतर आडवं झालं की दाढ ठणकायची म्हणून माणूस गालाला ओला रुमाल धरून खाटेवर बसून रात्र काढायचा. मग एक दिवस दुखणं एकदम थांबलं. आम्ही खुश, कीड मेली म्हणून. मेली होती ती दाढेची नस. पंधरा दिवसांत जबड्याखाली सूज, तोंडात दोन बोटंही जाईनात. जिथं एका खेपेत सिमेंट भरून भागलं असतं तिथं रूट कॅनाल, कॅप आणि तालुक्याच्या चार चकरा, तेवढे रोज बुडाले ते वेगळे.

"आपोआप भरून येतो" यात थोडं खरं आहे. भोक पडलेलं नाही, फक्त खडूसारखा पांढरा डाग आहे, तेव्हा फ्लोराईडची पेस्ट, दोन वेळा ब्रश आणि गोड कमी केलं तर कीड थांबते, तो भाग परत कडकही होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरही मशीन लावत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. पण एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही, आणि डाग की खड्डा हे आपल्याला आरशात नाही कळत. त्यात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराईडनेही दातावर डाग पडतात, ते प्रकरण वेगळंच.

लवंगेतलं युजेनॉल थोडा वेळ बधिर करते, बस. कीड आत तशीच. कोणी दाढेत तंबाखू धरते, कोणी धूर घेऊन "किडे" पाडून घेते, पण दातात अळी नसतेच भाऊ.

लेकरांचं तर "दुधाचे दात आहेत, पडणारच" म्हणून सोडूनच देतात. अहो, दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात, आणि 6 व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे येते ती दाढ कायमची असते! शाळेत तपासणीचं पथक दातही पाहते, त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नका.

पैशाची अडचण खरी आहे, पण नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे, आधी तिथं दाखवा. आणि गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, रात्रीच निघा.