ताशी पंचेचाळीसचा वारा

"भाऊजी, दार दोन्ही हातांनी धरा आणि मगच उघडा." गाडी दारात लागायच्या आत वहिनींचा फोन आला. कॅनडातल्या लेथब्रिजचे लोक पाहुण्याला चहाच्या आधी हे सांगतात. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि दार हातातून सुटलं, तर ते बिजागरीतून उलटं वाकतं.

मी कॅलगरीहून दोनशे किलोमीटर दक्षिणेला, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मित्राकडे गेलो होतो. झोत ताशी ११० किलोमीटरपर्यंत जातील असा इशारा सकाळपासून होता. फोर्ट मॅकलाउडच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झालेला दिसला. तो रिकामा असणार, असं मित्र म्हणाला. भरलेला तग धरतो.

अल्बर्टा प्रांताच्या या कोपऱ्यात वारा पाहुणा नाही. पॅसिफिककडून आलेली हवा रॉकी पर्वत चढताना ओल पलीकडेच सांडते, कोरडी होते आणि अलीकडच्या उतारावरून तापत खाली घुसते. हाच चिनूक. पुढे नुसता माळ, अडवायला काही नाही. पिंचर क्रीकजवळच्या काउली रिजवर १९९३ साली कॅनडातल्या पहिल्या व्यावसायिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. मित्राच्या परसातली मुलांची ट्रँपोलीनसुद्धा जमिनीत खुंट्या ठोकून बांधलेली आहे. रात्रभर घर करकरत होतं. मी जागा होतो, त्याची मुलं गाढ झोपली होती.

त्याच रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मालवणचा वाद पुन्हा पेटला होता. महाराष्ट्रात निवडणुकीचे दिवस होते. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले होते. ग्रुपवर अर्धे जण हा आकडा ढालीसारखा पुढे करत होते, बाकीचे कोणता पक्ष महाराजांचा खरा भक्त यावर भांडत होते. बाहेर त्याच्या दुपटीहून जास्त वेगाचा वारा होता आणि आतला दिवासुद्धा विझला नव्हता.

मला इथं "परदेशात बघा कसं असतं" म्हणायचं नाही. छपरावरचे पत्रे इथंही उडतात. माळावर वारा अडवायला झाडांच्या रांगा लावाव्यात म्हणून शेजारच्या सस्कॅचेवन प्रांतात इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेने १९०१ पासून शेतकऱ्यांना रोपं दिली, आणि २०१३ मध्ये सरकारने ती योजनाच बंद केली. शहाणपण इथंही विसरलं जातं.

मला राग येतो तो आपल्याच कपाटातलं पुस्तक न उघडण्याचा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरायला सांगतं, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. समुद्रापासून आत असलेल्या पुण्यालाही ३९ मीटर, ताशी १४०. पंचेचाळीस त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुण्याच्या हिशेबाने उभ्या केलेल्या वस्तूने त्या दिवशीच्या दाबाच्या नऊपटीहून जास्त सोसायला हवं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ताशी ४५ हा काही नवलाचा वारा नाही. मालवणच्या कुठल्याही खलाशाने हे सांगितलं असतं.

घाटकोपरलाही हेच झालं. १३ मे २०२४ च्या वादळात तिथला जाहिरातीचा फलक पडून १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, फलक १२० बाय १२० चा. म्हणजे नऊपट मोठं शीड. तरी कोर्टात 'देवाची करणी' असा बचाव झाला. देवाला त्यात ओढू नका. नटबोल्ट कोणी तपासले, कधी, आणि त्या कागदावर सही कोणाची, एवढं विचारा. ग्रुपवर मी हेच लिहिलं. उत्तर आलं, "तू तिकडे बसून बोलू नकोस."

रविवारी परतल्यावर पुण्याला बाबांना फोन केला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जाहिरातीचा मोठा फलक आहे, त्याचं भाडं देखभालीत येतं म्हणून सगळे खूश असतात. त्याचं स्थैर्य प्रमाणपत्र मागून घ्या, म्हटलं. बाबा लगेच खाली जाऊन सेक्रेटरींना भेटून आले. सेक्रेटरी म्हणाले, असेल कुठेतरी, शोधतो. आज तिसरा आठवडा आहे. बाबांनी आता लेखी अर्ज दिलाय.