केटी घरी सांगायची रीत

इंजिनिअरिंगला एम-थ्रीत, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, केटी लागणं, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहणं, हा काही गुन्हा नाही, तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. लाप्लास आणि फूरिए या दोन फ्रेंच गृहस्थांनी महाराष्ट्रातल्या जितक्या घरांतलं रात्रीचं जेवण नासवलं असेल, तितकं भावकीच्या भांडणांनीसुद्धा नासवलेलं नाही. पेपरात जे व्हायचं ते होतंच. माझ्या मते खरा मूर्खपणा सुरू होतो तो निकाल लागल्यावर, चिरंजीव घरी येऊन "निकाल अजून लागायचाय" म्हणतात तेव्हा.

हे वाक्य सरासरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकतं. त्यानंतर त्याच ब्रँचची, दोन बिल्डिंग पलीकडची मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन येते. मुंबई विद्यापीठात 2017 साली मात्र पेपर ऑनलाइन तपासण्याच्या घोळात निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून काढलं. त्या वर्षी "निकाल लागायचाय" हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि नेमकं त्याच वर्षी ते ऐकून आया म्हणाल्या, "पेपरात छापून आणलंस तरी मला पटायचं नाही."

लपवालपवीची दुसरी पायरी म्हणजे वडिलांची सही. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि पालकांच्या सहीचं हमीपत्र मागतात. इथे मुलं रात्रभर सराव करतात, हीच चूक. खऱ्या माणसाची सही दोनदा सारखी येत नाही. कधी शेपूट लांब, कधी टिंब गायब. खोटी सही दर वेळी तंतोतंत सारखी येते, आणि हळूहळू काढल्यामुळे रेघ थरथरते. शिवाय ऑफिसातल्या क्लार्कबाईंकडे ॲडमिशनचा फॉर्म असतो, त्यावर खरी सही असते. त्यांनी वीस वर्षांत इतक्या सह्या पाहिलेल्या असतात की बँकेने त्यांना बोलावून न्यावं.

त्याहून धाडसी मंडळी फॉर्मवर 'पालकांचा मोबाईल' म्हणून मित्राचा नंबर देतात. क्लार्कबाई फोन लावतात आणि तो ऑफिसच्या बाहेरच, रांगेत वाजतो. काहीजण टपरीवरच्या मामांना वडील म्हणून उभे करतात. मामा शर्ट इन करून येतात, गंभीर चेहरा ठेवतात, पण एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांनी "मुलाचं पूर्ण नाव काय?" विचारलं की गाडी अडते. मामांना तो 'कटिंग, उधारी एकशे चाळीस' एवढ्याच नावाने माहीत असतो.

घरचेही या उद्योगांत सामील असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग शीटांची 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, घ्या. हॉलमधल्या टीपॉयची काच काढायची, दोन बाजूंना जाड पुस्तकांचे सारख्या उंचीचे ढीग लावायचे (मेकॅनिक्सचं पुस्तक वर्षात पहिल्यांदा उपयोगी पडतं ते इथे), त्यावर काच आणि काचेखाली दिवा. काचेवर हुशार मित्राची पूर्ण शीट, तिच्यावर आपली कोरी, चारी कोपऱ्यांना सेलोटेप, आणि पेन्सिल घेऊन गिरवत सुटायचं. दिवा जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब नको. तो काच मधेच तापवतो, कडा थंड राहतात आणि पहाटे कधीतरी 'टक्क' असा आवाज येतो. ट्यूबलाइट किंवा एलईडी बरी. दुसरा धोका झोपेचा. रात्री दोननंतर हात आपोआप चालतो आणि खालच्या चौकटीतलं मित्राचं नाव, रोल नंबर आणि सरांनी लाल पेनने केलेला शेराही सुबक उतरतो. आईला खोलीतून नुसता उजेड दिसतो. पोरगं जागून अभ्यास करतंय म्हणून ती आलं घालून चहा आणते आणि कप ठेवायला सपाट जागा शोधते. सपाट जागा एकच असते.

तर मुद्दा असा की सांगून टाकावं. पण त्याला वेळ असते. जेवणाआधी नको, उपाशी माणूस लवकर चिडतो. याच कारणासाठी एकादशी आणि चतुर्थी टाळावी. लाईट बिल आलेला दिवस टाळावा. जेवण झालं, बडीशेप तोंडात गेली आणि बातम्यांतला आरडाओरडा अजून सुरू व्हायचाय, हा साधारण दहा मिनिटांचा मुहूर्त. आधी आईला स्वयंपाकघरात सांगावं, वडिलांपर्यंत बातमी तिच्यामार्फत गेली की तिची धार निम्मी होते. सुरुवात सुटलेल्या विषयांपासून करावी: "पाच सुटले, एक राहिला." दोन राहिले असतील तर दोन म्हणावं. आज एक आणि गणपतीनंतर एक असा हप्ता पाडला की दुसऱ्या हप्त्याला व्याज लागतं. केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि फी त्याच दमात सांगून टाकावी, म्हणजे वडिलांना बोलायला काहीतरी हिशेबाचं मिळतं. हिशेब सुरू झाला की राग उतरतो.

मार्कशीट दाखवताना सावध राहावं. एक विषय जरी राहिला तरी पॉइंटरच्या, म्हणजे ग्रेडच्या सरासरीच्या, रकान्यात आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात. वडिलांची पिढी टक्केवारीवर वाढलेली. पस्तीस टक्के त्यांना समजतात, रेघ समजत नाही. ती पाहून "म्हणजे काहीच नाही?" असा जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर आधी तयार हवं.

आईचं निदान ठरलेलं असतं: मोबाईल. केटी गणितात असो, थर्मोत असो, नाहीतर प्रिन्सिपॉलांनी चुकून दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली असो, आरोपी मोबाईलच. आजीचं निदान शनी, आणि ते अधिक सोयीचं आहे. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, साडेसातीत तीन राशी येतात, म्हणजे बारापैकी तीन राशींची मुलं कोणत्याही सेमिस्टरला आपोआप निर्दोष ठरतात. त्यात इंजिनिअरिंग चार वर्षांचं आणि साडेसाती साडेसात. योग्य वेळी लागली तर पहिल्या सेमिस्टरपासून शेवटच्या व्हायवापर्यंत सगळं झाकून वर पहिल्या नोकरीलाही पुरते. उरलेल्या नऊ राशींच्या मुलांसाठी आजी पेपर तपासणाऱ्याचं तळपट करते.

मग काका येतात, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, "अन्याय झालाय. पेपर मागवा." रीत अशी की आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, मग रीव्हॅल्युएशनचा अर्ज, दोन्हींच्या मुदती आणि फिया वेगळ्या. यात पुष्कळ घरं एक गोष्ट विसरतात. रीव्हॅलचा निकाल बऱ्याचदा केटीच्या फॉर्मची तारीख उलटल्यावर येतो, म्हणून काकांवर कितीही विश्वास असला तरी केटीचा फॉर्म भरून ठेवावा. फोटोकॉपी आली की काका चष्मा पुसतात, लाल पेन मागतात आणि जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायला बसतात. तासाभराने मान वर करून म्हणतात, "भाऊ, त्या माणसाने याला सव्वीस दिलेत. माझ्या हिशेबाने एकोणीस होतात." रीव्हॅलचा विषय त्या घरात पुन्हा निघत नाही.

केट्या साठत गेल्या आणि पहिल्या वर्षाचा एखादा विषय मागे राहिला, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. याला इयर डाऊन म्हणतात. वडील आठवडाभर बोलत नाहीत, आई देवापुढे बसते, नातेवाइकांना "तो सध्या प्रोजेक्ट करतोय" असं सांगायचं ठरतं. पण पंधरा दिवसांत घराच्या लक्षात येतं की धडधाकट, गाडी चालवणारा आणि दुपारी मोकळा असा माणूस इतक्या वर्षांत प्रथमच हाताशी आलाय. गहू निवडून दळण आणणं, गॅस सिलिंडरची गाडी येईपर्यंत थांबणं, नोव्हेंबरात आजोबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणं आणि मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत नेणं, अशी कामं त्याच्याकडे येतात. शेजारच्या काकूही आपला पार्सलचा ओटीपी त्याच्याकडे ठेवून भिशीला जातात.

पुढे तो राहिलेला विषय सोडवतो. कधी अभ्यासाने, कधी शनी पुढे सरकल्यामुळे. घरात पेढे येतात, वडील पाठीवर थाप मारतात, काका "मी म्हटलंच होतं" म्हणतात. आई पेढा भरवते, डोळे पुसते आणि वडिलांना हळूच विचारते, "आता दळण कोण आणणार?"