‘गर्भाशय सरकतं’ म्हणे! एका फॉरवर्डला मिडफिल्डचं उत्तर

जळगाव-भुसावळकडच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर लाल अक्षरांत ‘मुलींच्या आईबापांनी जरूर वाचावे’, खाली सात-आठ मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मुद्दे थोडक्यात असे: फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचं गर्भाशय सरकतं, तिला मूल होत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९२१ साली बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. मूल झालंच तर क्लब हाकलून देतो. पंचविशीत खेळ संपतो. नाव गोल मारणारीचं होतं, मधे खेळणारीला कुणी विचारत नाही. गुडघे जातात. पैसा नाही. आणि पोरी काळ्या पडतात.

असले मेसेज मी एरवी न वाचता उडवते. हा मात्र माझ्या बहिणीच्या घरात शिरला. तिची मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघात मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, खेळते. नात्यातल्या नानांनी काळजीपोटी मेसेज पाठवला आणि रात्री बहिणीचा फोन, “ताई, तिले आता बंद करू का?” शिकलेली बाई आहे ही! तेव्हा नाना, तुमचा मान राखूनच लिहितेय, पण मधे कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आधी गर्भाशय. ते पोटात सुटं लोंबकळत नसतं. कमरेच्या हाडांच्या कड्यात, मूत्राशयाच्या मागे, स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं. धावून, उडी मारून, चेंडूला लाथ मारून ते जागचं हलत नाही. ‘अंग बाहेर येणं’ हा आजार खरा आहे, आपल्याकडच्या बायका तो नीट ओळखतात. तो होतो कशाने? लागोपाठच्या बाळंतपणांनी, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्याने, वर्षानुवर्षांच्या खोकल्याने किंवा बद्धकोष्ठाने, वयाने. ज्या बायकांना तो झालेला मी पाहिला, त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता. त्यांनी डोक्यावरून चाऱ्याचे भारे आणि पाण्याचे हंडे वाहिले होते. त्यांच्यासाठी ‘सूनबाईला दीड महिना हंडा उचलू देऊ नका’ असा मेसेज कुणी कधी फिरवल्याचं मला आठवत नाही.

आता ‘मूल होत नाही’ आणि ‘क्लब हाकलतो’ हे दोन्ही एकदमच घेते, कारण दोघांना एकच बाई पुरेशी आहे. सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर. आइसलंडची तेव्हाची कर्णधार, जागा मिडफिल्ड, क्लब तेव्हा फ्रान्सचा ल्यों. २०२१ मध्ये तिला दिवस गेले आणि नोव्हेंबरात मुलगा झाला. मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा मैदानात होती आणि त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेत देशाकडून खेळली. गरोदरपणात क्लबने तिचा पगार मात्र अडकवला. म्हणजे नाना, इथे तुमच्या मेसेजात अर्धं खरं आहे, क्लब तसं वागू पाहतात. पण पुढचं अर्धं ऐका. १ जानेवारी २०२१ पासून फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियमच आहे: किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा, त्यातले निदान ८ आठवडे जन्मानंतरचे, त्या काळात किमान दोन-तृतीयांश पगार, आणि गरोदर राहिली म्हणून करार मोडता येणार नाही. साराने खेळाडूंच्या संघटनेच्या मदतीने तक्रार केली. मे २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि ८२ हजार युरोंच्या वर थकलेला पगार व्याजासकट द्या, असा आदेश ल्योंला झाला. ल्यों म्हणजे युरोपातला सर्वांत मोठा महिला संघ, कुणी गल्लीतलं मंडळ नव्हे. आपल्या जिल्ह्यात खासगी शाळेतल्या किती शिक्षिकांना बाळंतपणाचा पगार असा वसूल करता येतो, ते ग्रुपवर विचारून बघा.

या विषयात खरी काळजीची गोष्ट एक आहे आणि ती मेसेजवाल्याला माहीतच नाही. मुलगी भरपूर धावते आणि तेवढं खात नाही, तेव्हा शरीर खर्च वाचवायला लागतं. पाळी लांबते, कधी थांबते, हाडं कमजोर होतात. हे खेळामुळे नाही, उपाशी खेळण्यामुळे होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. त्या सगळ्या काही फुटबॉल खेळत नव्हत्या. बहिणीला मी एवढंच सांगितलं: सकाळी रिकाम्या पोटी पाठवू नकोस, आल्यावर कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडं, जे घरात असेल ते भरपूर दे. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे ने, ग्रुपवर नको.

इंग्लंडची बंदी. १९२१ ची बंदी खरी आहे, त्या वेळी काही डॉक्टरही तसं बोलत होते. पण बंदी डॉक्टरांनी घातली नाही, सरकारनेही नाही. ती घातली तिथल्या फुटबॉल संघटनेने, ५ डिसेंबरला, आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं ठरावात म्हटलं, आणि सामन्यांतून जमणाऱ्या धर्मादाय पैशांबद्दल शंका काढल्या. वर्षभर आधी, २६ डिसेंबर १९२० ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली होती. पोटदुखी कुठली होती ते यावरून समजा. बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली आणि २००८ मध्ये त्याच संघटनेने माफी मागितली. मेसेज अजून १९२१ मध्येच आहे.

पंचविशीत खेळ संपतो? ब्राझीलची मिडफिल्डर फोर्मिगा १९७८ ची. ती जन्मली तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलला कायद्यानेच मनाई होती, ती उठली १९७९ मध्ये. ही बाई १९९५ ते २०१९ सात विश्वचषक खेळली, सात ऑलिंपिकही खेळली. देशाकडून तिचा निरोपाचा सामना नोव्हेंबर २०२१ मध्ये मनाउसला झाला, वय ४३. समोर कोण होतं माहीत आहे? भारत! आपण ६-१ हरलो, पण आठव्या मिनिटाला बरोबरीचा गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने मारला होता. पुढच्याच वर्षी ती सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं खेळणारी पहिली भारतीय.

‘मधे खेळणारीला कुणी विचारत नाही’ हे वाचून भाची हसली म्हणे. २०२१ पासून २०२५ पर्यंत पाचही वर्षं महिलांचा बॅलन डी’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिडफिल्डरनेच नेला: दोनदा आलेक्सिया पुतेयास, तीनदा ऐताना बोनमाती. आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून भारत आशिया चषकाला पात्र ठरला, ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तीही मिडफिल्डरच.

गुडघ्यांचं मान्य करते. गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट आहे. पुतेयासचाही २०२२ मध्ये फाटला होता, वर्षभरात ती विश्वविजेत्या संघात होती. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप फुकट मिळतो, त्याने दुखापती कमी होतात. सरांना विचारा, तो रोज करून घेतात का.

पैशाचंही मान्य, नाइलाजाने. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की इंडियन विमेन्स लीग या देशाच्या महिला क्लब स्पर्धेतल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचा करार द्यावा. त्यावर आयुष्य निघत नाही, आणि खान्देशातला एकही संघ त्या लीगमध्ये नाही. म्हणून बहुतेक मुली रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलांच्या नोकरीकडे बघत खेळतात. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतलं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. शाळेच्या ट्रॉफीवर ते मिळत नाही, म्हणून दहावी-बारावी सोडायची नाही. हे मी भाचीलाही तोंडावर सांगितलंय, तिला ते आवडलेलं नाही.

राहिलं काळं पडणं. पडतात, उन्हाने. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला शाळा बुडवून जाणाऱ्या पोरीही पडतात, पण तेव्हा ग्रुप शांत असतो. बाकी मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सराव सकाळी आठच्या आत आटोपायचा आणि पाण्याची बाटली घरून न्यायची.